विमानाचा आहेर

‘फुकट’ हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. ऑफिसात जेवताना कुणी ‘कार्डावर फुकट गोवा करून आलो’ असं सांगायला लागलं, की मी डबा उचलते आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते. मागे एकदा मॉलच्या दारात टाय लावलेल्या एका पोराने ‘मॅडम, लाइफटाइम फ्री’ म्हणून माझ्यापुढे कागद धरला, तेव्हा मी त्याला एवढं झापलं की शेजारचा कणसं भाजणारा माणूस हातातला पंखा थांबवून बघायला लागला. त्या पोराचा काही दोष नव्हता. पण राग काय दोष बघून येतो?

हे सगळं आईच्या विमानापासून सुरू झालं.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, अंदमानला राहते. तिचे यजमान तिथल्या बंदरात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथंच घर बांधलं, मुलं तिथलीच झाली. आधी मावशी तीन-चार वर्षांतून एकदा माहेरी यायची, महिनाभर राहायची आणि जाताना कडव्या वालांचं गाठोडं बांधून न्यायची. मग तिचे गुडघे गेले. ऑपरेशन केलं, ते बिघडलं, आणि आता ती घरातल्या घरात काठी घेऊन चालते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिचं एकच असतं. “ताई, आता तूच ये. आणि येताना वाल आण. इथं मासळी रग्गड आहे गं, पण बिरडं खाऊन किती वर्षं झाली!” आई म्हणते, “येन गं, येन.” रडणाऱ्या पोराला ‘उद्या जत्रेला नेते’ म्हणतात ना, त्या आवाजात.

आई सत्तरीला टेकली आहे. बदलापूरजवळच्या सोनिवलीत आमची शेती होती तोवर तिने भात लावलं, कापलं, झोडलं. दुपारच्या वेळात ती जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगर कॅम्प चारच्या कारखान्यांतून पँटींचे गठ्ठे टेम्पोने गावात यायचे आणि घरोघरच्या बाया ओटीवर बसून शिलाईचे लोंबते धागे कातरीने काढायच्या. तो निळा रंग आईच्या बोटांना इतका बसला होता की हळदीकुंकवाला गेली तरी ती हात पदराखाली ठेवायची. त्या पँटी कुठल्या कुठल्या देशांत फिरून आल्या असतील. आई कल्याणच्या पुढे गेली ती दोनदा, दोन्ही वेळा हॉस्पिटलात.

तिला बहिणीकडे जायला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. बाबा होते तेव्हा म्हणायचे, बघू. बाबा गेले, मग मी म्हणायला लागले, बघू. अंदमान म्हणजे विमान, आणि विमान म्हणजे आपलं काम नव्हे, हे घरात इतकं ठरलेलं होतं की कुणी कधी तिकिटाची किंमतसुद्धा विचारली नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत हिशेबाचं काम करते. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायच्या, त्याचा मला पगार मिळतो. तिथं आमच्याकडे एक नवी मुलगी आली. वय पंचवीसच्या आसपास, आणि बाई नुकत्या बँकॉकला जाऊन आलेल्या. तिकीट? “क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर, ताई.” मी जेवता जेवता थांबले. ती म्हणाली, “तुम्ही किराणा रोख घेता? वेड्या आहात का? बँक आपल्याला पैसे देतेय आणि आपण घेत नाही.” मला वेडी म्हटलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी ते मला पटलं. तिथंच मी फसले.

पुढचे दोन महिने मी शिकले. मोबाईलवर एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस विमानतळाच्या लाऊंजमध्ये बसून चमच्याने पुडिंग खायचा आणि कुठलं कार्ड घ्यावं ते सांगायचा. मी स्वयंपाक करताना त्याला ऐकायचे. आई विचारायची, “ह्यो मानूस सारका खातो का गं?” पहिलं कार्ड पेट्रोलसाठी चांगलं होतं; माझी स्कूटी महिन्याला पितेच किती? दुसरं एका विमान कंपनीचं होतं. दिसायला निळं, झकास. अर्ज भरायच्या बेतात होते, तेव्हा कळलं की त्या कंपनीचं विमान अंदमानला जातच नाही. तिसऱ्याचे पॉइंट कुठल्याही विमानाला चालायचे. त्याची फी माझ्या पगाराच्या मानाने डोळे पांढरे करणारी होती, पण पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक रकमेची खरेदी केली की दोन माणसांच्या जाण्यायेण्याचे पॉइंट बक्षीस. दोन माणसं म्हणजे आई आणि मी. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, हेही मी तोवर शिकले होते. त्याच पॉइंटांचा मिक्सर घेतला तर पॉइंटाला पाव रुपया पडायचा, विमानाचं तिकीट घेतलं तर जवळजवळ रुपया. मला वाटलं, मी हुशार आहे. बाकीचे मिक्सर घेत असतील.

कार्ड आलं. काळं, जड, पत्र्यासारखं. आईने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि देवासमोर ठेवलं. मी सांगितलं, “आई, यंदा तू मावशीकडे जाणार. विमानाने. फुकट.”

फुकट म्हटल्यावर ती पहिल्यांदा खरं मानून हसली. बारवी धरणाकडून वाल घेऊन बाजारात बसणारी एक बाई आहे, तिच्याकडून आईने नवे वाल आणले, गच्चीवर चार उन्हं दाखवली, वर कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरले. रोज एक प्रश्न. विमानात वाल नेऊ देतात का? डबा फुटला तर? विमानात चप्पल काढायची का? मावशीला कळलं तशी मावशीने अर्ध्या अंदमानाला कळवलं.

आता एवढी खरेदी करायची कुठून? आमचं दोघींचं घर. आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं असतं तरी तो आकडा गाठला नसता. वीज, पेट्रोल, रिचार्ज असले खर्च बँक धरत नाही, हे तो पुडिंगवाला बारीक आवाजात सांगायचा. मी डोकं धरून बसले होते आणि तेवढ्यात काकांकडे लग्न निघालं.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा गेल्यावर वर्षभरात आमची जमीन बिल्डरला गेली. थोरले म्हणून काकांचा शब्द चालला. त्यांना बंगला, दोन गाड्या आणि बँकेत घसघशीत रक्कम मिळाली. आम्हाला त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. आमच्या बाल्कनीच्या खाली जिथं आता गाड्या लागतात, तिथं आई चिखलात वाकून रोपं लावायची. असो. तर काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, आणि लग्न म्हटलं की बस्ता आला.

आमच्याकडे बस्ता म्हणजे नवरीचे कपडे नव्हेत. नवरी, नवरा, त्याची आई, त्याच्या आत्या, आमच्या आत्या, मामा, करवल्या, मानाचे, बिनमानाचे, सगळ्यांचे कपडे एका दिवसात, एका दुकानात, सगळ्या भावकीने जाऊन घ्यायचे. दुकान उल्हासनगरचं. माझ्या डोळ्यांसमोर आकडा नाचायला लागला. मी काकांकडे गेले आणि सरळ सांगितलं, की तुम्ही रोख पैसे माझ्याकडे द्या, मी दुकानात कार्ड लावते, मला त्याचे पॉइंट मिळतात. काही लपवलं नाही. काका पाटावर बसून पान लावत होते. म्हणाले, “मशीनमंदी घास नायतर बैलगाडीत घाल, मना काय? माल घरात आला पायजे.”

शिमग्याआधीच्या रविवारी आम्ही दोन गाड्या भरून कॅम्प एकला गेलो. दुकानात पांढऱ्या गाद्या, थंड पेयांच्या बाटल्या, आणि आमच्या बाया पाय दुमडून बसलेल्या. मालक सिंधी, गोड बोलणारा, बाईने ‘नको’ म्हणायच्या आत साडी उलगडून तिच्या खांद्यावर टाकणारा. सकाळी दहाला बसलो ते चार वाजेपर्यंत. नवरीचा शालू निघाला तेव्हा काकीने तो अंगावर लावून तीनदा आरशात पाहिलं. मग मानाच्या साड्या झाल्या. शेवटी मालकाने कोपऱ्यातला ढीग पुढे ओढला. या देण्याघेण्याच्या साड्या. एका भावात, एका पोताच्या, कुणालाही द्यायला. काकीने त्यातली एक ओढली आणि न बघता आईच्या मांडीवर टाकली.

सख्ख्या जावेला ढिगातली साडी! ज्या बाईने या घरातल्या प्रत्येक लग्नात पहाटेपासून चूल फुंकली तिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले, कारण मला कार्ड लावायचं होतं. स्वतःची ती गप्प बसलेली मूर्ती आठवली तरी आज कानशिलं तापतात.

कार्डाची मर्यादा संपेपर्यंतचं बिल कार्डावर, उरलेलं रोख, असं ठरलं. मालक म्हणाला, “कार्ड पे दो परसेंट लगेगा, दीदी.” ते दोन टक्के मी माझ्या पर्समधून दिले. काकांना कशाला सांगा? मग मालकाच्या मशीनला नेटवर्क येईना. दोनदा घासलं, तिसऱ्यांदा घासलं. तो हसून म्हणाला, “टेन्शन नहीं लेने का. बाजूवाला अपना ही भाई है.” आणि शेजारच्या दुकानातून दुसरं मशीन मागवलं. तिथं दुकानदार एकमेकांची मशीनं अशीच वापरतात, कात्री मागावी तशी. मशीन पिकपिक वाजलं, कागद निघाला, माझ्या मोबाईलवर मेसेज आला. मला नाचावंसं वाटलं.

आणि तो मालक, देव त्याचं भलं करो, मोठ्याने म्हणाला, “दीदी के तो मजे हैं साईं! इतना पॉइंट आएगा, विमान फ्री!”

काकी साड्यांच्या पिशव्या मोजत होती, ती थांबली. “फुकट इमान? कोनाला?”

“दीदी को! कार्ड दीदी का, तो पॉइंट भी दीदी के.”

“पयसं आमचं नि इमानात कोन बसनार?” काकीने मला विचारलं.

मी म्हणाले, “आई. अंदमानला, मावशीकडे.” तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाला खोटं वेळेवर येत नाही.

“आमच्या पैशाव तुजी आय इमानात बसनार?”

दुकानात भावकीतली सगळी माणसं होती. मालक होता, त्याचे नोकर होते, दुसरी गिऱ्हाइकं होती. आई मांडीवर ती ढिगातली साडी घेऊन बसली होती. तिने साडीची घडी आणखी बारीक केली.

मग मात्र मी सुटले. “काकी, पैसे तुमचे कुठले? माझ्या आईने ज्या चिखलात कंबर मोडली, तो चिखल विकून आलेत ते. तुम्ही त्या जमिनीत किती रोपं लावलीत?” काका ओरडले, “जमिनीचं हितं काढू नको!” मी म्हणाले, “काढणार. शंभरदा काढणार.” आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. म्हणाली, “चल.” बस्स, तेवढंच.

परतीच्या गाडीत भावकीची बैठकच बसली. पॉइंट कुणाचे? एक आत्या म्हणाली, ज्याचा पैसा त्याचे. एक मामा म्हणाला, कार्डवालीला थोडे द्यावेत, मेहनतीचे. शेवटी काकीने निकाल दिला की नवरानवरी विमानाने हनिमूनला जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या आईच्या विमानाचं असं वाटप झालं, ती त्याच गाडीत शेवटच्या सीटवर बसलेली असताना. मी काचेतून बाहेर बघत होते आणि मनात एकेकाला शिव्या घालत होते. मला बऱ्याच येतात.

घरी आल्यावर आईने वालांचा डबा खाली काढला. “दोन मुठी भिजत घाल. परवा बिरडं करू.”

“ते मावशीचे आहेत.”

“मना नाय जायाचं.”

मी तिच्यावरही ओरडले. म्हटलं, कार्ड माझं, फी माझी, त्या बाईला भीक घालायचं कारण काय? आईने शांतपणे पाल्याखालचे वाल वाटीत काढले. “मी जाईन नि चार दिवसांनी परत येईन. पन ती जल्मभर बोलेल, आमच्या पैशाव गेली. प्रत्येक लग्नात बोलेल, प्रत्येक बारशाला बोलेल. मना तसं जायाचं नाय. कोन काय बोलनार नाय असं असंल, तर जाईन.” आणि रविवारी मावशीला तिने सांगितलं, की अगं, यंदा लग्न आहे घरात, पुढच्या वर्षी बघू. मावशीने काठी टेकवली आणि ती कॅमेऱ्यातून बाजूला झाली. नुसती भिंत दिसत राहिली.

मी ठरवलं, आधी पॉइंट येऊ देत, मग बघते कोण काय बोलतं. महिना गेला. पॉइंट आले नाहीत. मी बँकेला फोन लावला. गाणं ऐकलं, एक दाबलं, चार दाबलं, पुन्हा गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगा आला आणि मधासारख्या आवाजात म्हणाला, “मॅडम, आपली ती खरेदी पॉइंट्ससाठी पात्र नाही. ती बिल पेमेंट या प्रकारात नोंदली गेली आहे.”

“बिल पेमेंट? साड्या होत्या त्या! बस्ता होता!”

“मॅडम, ज्या मशीनवर कार्ड स्वाइप झालं, ते बिल पेमेंट आणि मनी ट्रान्सफरच्या दुकानाचं आहे.”

शेजारचं दुकान! लोकांची विजेची बिलं भरणारं, गावाकडे पैसे पाठवून देणारं ते दोन फुटांचं दुकान. आमचा शालू, आमच्या मानाच्या साड्या, करवल्यांचे घागरे, सगळं बँकेच्या लेखी विजेचं बिल झालं होतं. त्या मुलाला मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तो प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होता, “मी आपली भावना समजू शकतो, मॅडम.” माझी भावना त्याला समजली असती तर त्याने हेडफोन काढून पळ काढला असता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कॅम्प एकला गेले. मालकाने चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे गोंधळून म्हणाला, “पर दीदी, मशीन तो मशीन होता है. पैसा तो बराबर कटा ना?” जाताना त्याने मला दोन ब्लाउजपीस बांधून दिले. मी ते घेतले नाहीत. बँकेने माझ्या तोंडाला पानं पुसली होती, वर हे पीस कशाला?

आईला सांगितलं. तिने विचारलं, “एक पन नाय?”

“एक पण नाही. शून्य.”

तिने वालांच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाली, “मंग तर झालंच. पॉइंट आलंच नाय असं बोललीस तर खरं कोन मानंल?”

तिचं बरोबर होतं. लग्नाच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मांडवात काकीने मला गाठलंच. “पॉइंट आलं का? पोरं वाट बगत्यात.” मी मोबाईल काढला, बँकेचं पान उघडलं, शून्य दाखवलं. काकी स्क्रीनकडे न बघता म्हणाली, “मना काय वाचता येतंय? तू काय पन दाखवशील.” शेजारी बसलेल्या आत्या म्हणाल्या, “लपवलंन गं तिनं.” मी अंबरनाथला कंपनीची लाखोंची बिलं तपासते, माझ्या सहीशिवाय पैसा हलत नाही, आणि या मांडवात मी विमान चोरणारी ठरले होते. मी तोंड उघडलं. आज या लग्नात तमाशा होणार, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण आई उठली.

आमच्याकडे आहेर पुकारतात. मांडवात एक माणूस माईक घेऊन बसतो आणि कुणाकडून काय आलं ते साऱ्या गावाला ऐकवतो. अमुक मामांकडून पितळी हंडा. तमुक आत्यांकडून पैठणी. माईकवर काकांचा मेहुणा होता. आई तिच्या त्या ढिगातल्या साडीत सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या कानाशी काही बोलली. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने पुन्हा सांगितलं, बोट वर करून.

माईक खरखरला. “नवरीच्या धाकट्या काकूंकडून नवरीला… बस्त्यावर विमानाचे पॉइंट असतील तेवढे सगळे, आहेर!”

मांडवात टाळ्या पडल्या. वराकडच्या मंडळींनी तर मागे वळून पाहिलं, कोण ही काकू? नवरी हसली. काकीचं तोंड उघडं राहिलं. आता तिला काही बोलायला जागाच उरली नव्हती. सगळ्या गावासमोर तिने मागितलेलं तिला मिळालं होतं. काका पुढे आले आणि त्यांनी आईला मानाचा नारळ दिला.

मी आईला मांडवाच्या मागे, भांड्यांपाशी गाठलं. “आई, शून्य आहेत ते!”

“मी बोललेच ना, असतील तेवढे सगळे. नाय तर नाय. मी खोटं काय बोलले?” तिने नारळ पदरात धरला होता. “आता कोनाच्या पैशाव मी जात नाय. गाव साक्षी हाय. आता माजं तिकीट काढ.”

मला हसू यायला हवं होतं, पण रागाने रडू आलं. बहिणीला भेटायला या बाईला आधी साऱ्या गावासमोर हिशेब चुकता करावा लागला, तोही न घेतलेल्या वस्तूचा!

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी बदलापूर स्टेशनजवळच्या तिकीटवाल्याकडे गेलो. मोबाईलवर काढता आलं असतं, पण आईला माणसाकडून, पैसे मोजून, छापील तिकीट हवं होतं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा वाढवला आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. मला तेवढी रजा मिळणार नव्हती, म्हणून मी आईला तिच्या एकटीच्या जाण्यायेण्याचा आकडा वाचून दाखवला.

“एवढंच?” आई म्हणाली.

मी मान हलवली.

“नवरीचा शालू याच्यापेक्षा महाग होता.”

“हो.”

ती माझ्याकडे वळली. “मंग बाय, तू ते कार्ड कशाला काढलंस?”

टोमणा नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. कार्डाची फी आणि उल्हासनगरात भरलेले ते दोन टक्के मिळून जवळजवळ हेच तिकीट झालं असतं, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि मी हिशेबाचं काम करते. पुडिंगवाला, बँक, काकी, तो गोड मालक, सगळ्यांवरचा माझा राग एका बाजूला आणि तिचा हा प्रश्न एका बाजूला. उत्तर मला माहीत होतं. आमच्या घरात आईसाठी पैसे मोजायची कुणाला सवयच नव्हती, मलासुद्धा नाही. तिला काही द्यायचं तर ते वर आलेलं, उरलेलं, ढिगातलं, फुकटचं. दुसरं आम्हाला सुचलंच नाही.

तिकीटवाला म्हणाला, “खिडकीजवळची सीट हवी असेल तर वेगळे पैसे पडतील.”

“नको नको, उगाच कशाला,” आई लगेच म्हणाली.

“खिडकी द्या,” मी म्हणाले. “जाताना पण आणि येताना पण.”

किती, ते मी विचारलं नाही.